न्यायाधीशांच्या नेमणुकांस विधिमंडळाची संमती

कार्यकारी प्रमुखाने निवडलेल्या न्यायाधीशाची नेमणूक विधिमंडळाच्या मान्यतेनंतरच कायम करण्याची पद्धती. अमेरिकेत संघीय न्यायाधीशांना सीनेटची संमती लागते. तेथील काही घटक राज्यांतही हीच प्रथा आहे. न्यू जर्सीच्या १९४७ च्या संविधानानुसार वरिष्ठ न्यायाधीशांना सात वर्षांनंतर पुनर्नियुक्तीच्या वेळी राज्याच्या सीनेटची संमती पुन्हा मिळवावी लागते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या (स्थापना १८६२) इतिहासात अशी संमती कधीच नव्हती. न्यायाधीश ब्रिटिश राजसत्ता नेमी व राजमर्जी असेपर्यंतच ते पदावर राहत. काशिनाथ त्र्यंबक तेलंग (१८८९) आणि महादेव गोविंद रानडे (१८९३) न्यायासनावर येण्यापूर्वी मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य होते; पण त्या मंडळाला नेमणुकांविषयी कोणताही अधिकार नव्हता.

संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाच्या संदर्भात हा प्रश्न २४ मे १९४९ रोजी चर्चिला गेला. राष्ट्रपतींनी नेमणुकीपूर्वी राज्यसभेचा सल्ला घ्यावा, अशी दुरुस्ती के. टी. शाह यांनी सुचविली होती. मुंबई उच्च न्यायालयात १९२३ पासून वकिली केलेल्या भीमराव आंबेडकरांनी विधिमंडळाच्या संमतीस विरोध केला. ती पद्धती किचकट असून तीत राजकीय दडपणास वाव राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. नेमणुका केवळ तत्कालीन सरकारवर सोपविणेही त्यांना धोक्याचे वाटत होते. सरन्यायाधीशांची सहमती अनिवार्य करण्याची सूचनाही त्यांनी फेटाळली : सरन्यायाधीशही अखेर माणूसच, त्यालाही इतरांसारखे पूर्वग्रह असतात. सल्लामसलत हा त्यांचा मध्यम मार्ग होता. उच्च न्यायालयांसाठी तो अनुच्छेद २१७ मध्ये आला; त्यात सल्ला देणाऱ्यांमध्ये राज्यपाल आहेत, विधिमंडळ नाही.

या युक्तिवादाचा पूर्वार्ध टिकला, उत्तरार्ध मात्र टिकला नाही. सल्ला म्हणजे सहमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये म्हटले. १९९३ मध्ये तो निर्णय फिरवून सरन्यायाधीशांच्या मतास प्राधान्य दिले. आंबेडकरांनी नाकारलेला नकाराधिकार अशा रीतीने न्यायनिर्णयातून, न्यायाधीशवृंदाच्या रूपाने, अवतरला. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाची घटनादुरुस्ती (२०१४) निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी अनुसमर्थित केली होती. ती १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक मताने रद्द झाली.

राज्याच्या विधिमंडळाचा संबंध त्यामुळे नाममात्रच उरतो. न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनातील वर्तनाची चर्चा तेथे करता येत नाही (अनुच्छेद २११). उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असल्याने विधानसभेत त्यावर मतदानही होत नाही.