जुन्या नाण्याचा सौदा

सराफाच्या पेढीवर नाण्याची परीक्षा करण्याची रीत फार जुनी आहे. सराफ नाणें दगडावर टाकून त्याचा आवाज ऐकतो, तराजूंत घालून वजन पाहतो आणि कसोटीवर रेघ ओढून सोन्याचा कस ठरवितो. एवढें झालें म्हणजे त्याचें काम संपतें. ज्या काळीं एकाच बाजारांत अनेक टांकसाळींचे रुपये फिरत, त्या काळीं या कसबावांचून व्यवहार चालणेंच शक्य नव्हतें. कोणत्या रुपयावर किती बट्टा बसावयाचा हें सराफ सांगे आणि पारखलेल्या रुपयावर आपल्या खुणेचा लहानसा ठसाही मारी. मोंगल अमदानींतील पुष्कळ रुपयांवर असे ठसे आजही दिसतात. १८३५ सालीं कंपनी सरकारनें १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या मुलुखांत सुरू केला. पुढें जुने रुपये हळूहळू चलनांतून निघाले आणि त्यांतील फार मोठा भाग मुशींत गेला. जे उरले त्यांना मात्र एक नवी किंमत आली. ती धातूची नव्हे, इतिहासाची. आणि ती जोखणारी कसोटी सराफाजवळ नव्हती.

संग्राहकाची अडचण येथूनच सुरू होते. चांदीची किंमत तराजू सांगतो, परंतु नाण्याचा इतिहास बहुधा विकणाऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. म्हणून या व्यापारांत नाण्याबरोबर माणसाचीही पारख करणें प्राप्त होतें.

नाण्याबरोबर चालत आलेली कथा किती फसवी असूं शकते, याचें नामांकित उदाहरण म्हणजे जहांगीर बादशहाचीं राशींचीं नाणीं. त्यांच्या एका बाजूस मेष, वृषभ, सिंह इत्यादि राशींचीं सुरेख चित्रें आहेत. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए यानें त्यांच्याविषयीं एक रसभरित हकीकत लिहून ठेविली आहे. नूरजहाननें बादशहाकडून एका दिवसाचें राज्य मागून घेतलें आणि त्या चोवीस तासांत हीं नाणीं पाडविलीं, असें तो सांगतो. कथा मोठी गोड आहे; पण नाणीं तिला साक्ष देत नाहींत. हिजरी १०२७, म्हणजे इ. स. १६१८ पासून पुढील अनेक वर्षांचे आंकडे त्यांवर आहेत, आणि आग्रा व अहमदाबाद अशा एकमेकांपासून दूर असलेल्या टांकसाळींचीं नांवेंही आहेत. एका दिवसांत पाडलेल्या नाण्यांवर निरनिराळीं सालें येणार कोठून? शिवाय महिन्याच्या नांवाऐवजीं राशीचें चित्र घालण्याची कल्पना आपणांस सुचली, असें जहांगीरनें स्वतःच आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. तरीही कथा चालत राहिली, मागणी वाढली आणि मागणीमागोमाग नकलाही निघाल्या. ग्राहक नाण्याऐवजीं कथा विकत घेऊं लागला, कीं नकली मालाचा व्यापारी त्याच्या दारीं आलाच म्हणून समजावें.

नकलांचा हा धंदा एकट्या हिंदुस्थानचा नाहीं. जर्मनींतील कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) हा या विद्येंतला सर्वांत कुशल पुरुष समजला जातो. त्यानें प्राचीन ग्रीक, रोमन आणि मध्ययुगीन नाण्यांचे शेंकडों छाप आपल्या हातानें कोरले आणि त्यांवर खऱ्या सोन्यारुप्याचीं नाणीं पाडलीं. नवीन नाण्याची चकाकी जावी म्हणून तो तीं लोखंडाच्या किसांत घालून डबा गाडीखालीं बांधी आणि गाडी खडबडीत रस्त्यानें हिंडवी, असें सांगतात. त्याचे छाप पुढें १९११ सालीं बर्लिनच्या संग्रहालयांत आले. आतां त्यांचा उपयोग नेमका उलट होतो: संशयित नाणें बेकरच्या छापाशीं जुळलें, कीं त्याचें बिंग फुटतें.

बेकरच्या उदाहरणानें एक गोष्ट स्पष्ट होते. सामान्य नकली नाणें ओळखण्याच्या खुणा कोणालाही शिकतां येतात. सांच्यांत ओतलेल्या नाण्यावर बारीक छिद्रें दिसतात, कडेला सांधा राहतो आणि अक्षरांच्या कडा बोथट असतात. दोन नाण्यांवर एकच ओरखडा एकाच जागीं आढळला तर दोन्ही एकाच सांच्यांतून आलीं हें उघड आहे. वजनही बहुधा चुगली करतें. परंतु छाप कोरून, खऱ्या धातूवर ठोकून पाडलेल्या नकलेंत ओतकामाची एकही खूण नसते. तेथें डोळ्याच्या परीक्षेला मर्यादा पडते आणि एकच प्रश्न उरतो: हें नाणें आलें कोठून?

या प्रश्नाचें मोल काय आहे, हें अफगाणिस्तानांत चार्ल्स मॅसन याच्या कामानें दिसून आलें. १८३३ सालीं तो काबूलच्या उत्तरेस बेग्राम येथें पोंचला. त्या माळावर गुराख्यांना हजारों जुनीं नाणीं सांपडत, आणि तीं सगळीं काबूलच्या टांकसाळींत किंवा गांवोगांवच्या तांबटांकडे जाऊन वितळत. मॅसननें तीं त्याच लोकांकडून विकत घेण्यास आरंभ केला. पहिल्याच वर्षीं त्याच्याजवळ तांब्याचीं १,८६५ नाणीं जमलीं. बाजारभावानें पाहिलें तर तो झिजलेल्या तांब्याचा ढीग होता. परंतु तीं सर्व एका जागेवरचीं आहेत हें ठाऊक असल्यामुळें, त्या प्रदेशांत कोणत्या राजांचें चलन किती होतें याचा अंदाज करतां आला. त्या भागांतील पुष्कळ नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी अक्षरें होतीं. मिनँडर, अपोलोडोटस, हर्मायस या राजांचीं नांवें दोन्हीकडे जुळतात, हें मॅसनच्या ध्यानांत आलें, आणि या धाग्यावरून कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपनें खरोष्ठी लिपीची उकल पुढें नेली. तांबटाच्या भट्टींतून वांचलेल्या कवडीमोल तांब्यानें एक विसरलेली लिपी वाचतां आली. संग्राहकाच्या इतिहासांत याहून किफायतशीर सौदा क्वचितच झाला असेल.

महाराष्ट्रांतही याच तोडीचें उदाहरण आहे. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत गोदावरी व दारणा यांच्या संगमाजवळ जोगलटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. नाणीं सुमारें १३,२५० होतीं आणि तीं क्षहरात वंशांतील नहपान राजाचीं होतीं. परंतु त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला शिक्का पुन्हां मारलेला आढळला. एका बाजूस तीन कमानींचा पर्वत, दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचें चिन्ह, आणि त्यांखालीं नहपानाच्या मुखवट्याच्या पुसट रेषा, असें त्यांचें रूप आहे. सातवाहनांनीं क्षहरातांचा वंश उखडून टाकला, असें नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीचा शिलालेख सांगतो. तो मातेनें केलेला पुत्राचा गौरव आहे, असें म्हणून एखादा संशयी मनुष्य त्याकडे दुर्लक्ष करूं शकला असता. जोगलटेंभीच्या सांठ्यानें तो संशय फेडला. जिंकलेल्या राजाचा पैसा परत गोळा करून त्यावर जेत्यानें आपली मोहोर उठविली, हें या सांठ्यांत प्रत्यक्ष दिसतें.

हाच सांठा गुपचूप फोडून दहा पेढ्यांवर विकला गेला असता तर काय झालें असतें? प्रत्येक नाणें खरेंच राहिलें असतें, प्रत्येकाला ग्राहकही मिळाला असता. परंतु दर दहा नाण्यांमागें सात नाण्यांवर दुसरा शिक्का आहे, ही गोष्ट कोणालाच कळली नसती. असा पुरावा एका नाण्यांत नसतो, तो सांठ्यांत असतो. आणि सांठा एकदां फुटला कीं तो पुन्हां जुळवितां येत नाहीं.

यावरून भरंवशाचा विक्रेता कोण, याचें उत्तर आपोआप निघतें. नाण्याचें वजन, धातु आणि प्राप्तीची जागा जो पावतीवर लिहून देतो, जें ठाऊक नाहीं त्याविषयीं ‘ठाऊक नाहीं’ असें सांगतो, दुसऱ्या जाणत्याला नाणें दाखविण्यास मुदत देतो आणि खोटें ठरल्यास परत घेतो, तो विश्वासास पात्र. जो घाई करतो, जागा विचारतां नजर चुकवितो आणि घराण्याच्या वैभवाची कथा सांगत बसतो, त्याच्यापासून दूर राहणें बरें. कायद्याचाही हाच रोख आहे. सांपडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर सांपडणाऱ्यानें कलेक्टरास वर्दी द्यावी, असें १८७८ च्या कायद्यानें ठरविलें. पुढें १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापाराला परवाना आवश्यक केला आणि खाजगी व्यक्तींना त्या देशाबाहेर नेण्यास बंदी केली. जागा लपविणारा विक्रेता पुष्कळदां हे कायदेच लपवीत असतो.

स्वस्ताईची परीक्षाही याच दृष्टीनें करावी. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन अतिशय दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला पुष्कळ आहेत. सोन्याच्या भावानें होन देऊं करणारा मनुष्य ग्राहकावर उपकार करीत नसतो. उलट तांब्याची शिवराई शिवकालानंतरही पेशवाईंत आणि पुढें एकोणिसाव्या शतकांतही चालत राहिली. ती अजूनही पुष्कळ सांपडते आणि थोडक्या दामांत मिळते. तिच्यावरील अक्षरांची ठेवण, ओळींची मांडणी आणि चिन्हें यांत इतके भेद आहेत कीं त्यांची नीट वर्गवारी करणें हेंच एक मोठें काम आहे. अमुक गांवच्या अमुक शेतांत सांपडलेली शिवराई, जागेच्या नोंदीसह, ज्यानें मोजक्या पैशांत घेतली, त्यानें खरा किफायतीचा सौदा केला. त्यानें तांब्याचा तुकडा घेतला, आणि त्याबरोबर ती शिवराई कोठवर चालत होती याची साक्षही घेतली.

अशी नोंद ठेवण्यास विद्वत्ता लागत नाहीं. एक वही, एक तराजू आणि ‘हें कोठें सांपडलें?’ हा प्रश्न दर वेळीं विचारण्याची चिकाटी, एवढें पुरतें. ग्राहकांनीं हा प्रश्न नेहमीं विचारला, तर विक्रेत्यांना त्याचें उत्तर जपून ठेवावें लागेल. आणि नांगराच्या फाळाला लागलेलें मडकें मुशीकडे जाण्याऐवजीं जाणत्या माणसांकडे जाण्याची वाट थोडी अधिक रुळेल.