ज्येष्ठांची शारीरिक सक्रियता : मापन व बदलाची तयारी

निरोगी वृद्ध व्यक्ती किती हालचाल करतात आणि ती वाढविण्यास मनाने कितपत तयार आहेत, हे जोखण्याच्या पद्धती. तरुणांसाठीच्या प्रश्नावल्या खेळ व व्यायामावर भर देतात. वृद्धांची बरीचशी हालचाल मात्र घरकाम, बागकाम, आजाऱ्याची शुश्रूषा यांत होते आणि मोजणीतून निसटते. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेत वॉशबर्न व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘पेस’ ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. ६५ वर्षांवरील व्यक्तीला ती मागील ७ दिवसांतील हालचाली विचारते, प्रत्येकीला भारांक देते व त्यांवरून एकच गुणांक काढते. आठवणीवरील भिस्त हा तिचा उघड दोष. कमरेला लावायच्या पावलेमापकात तो नाही. पण संथ, पाय ओढत चालणाऱ्याची पावले हे यंत्र कमी मोजते, म्हणजे नेमके अतिवृद्धांच्या बाबतीतच फसते.

मानसिक तयारीसाठी प्रोचास्का व डिक्लेमेंटी यांचे, मुळात धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून आलेले प्रारूप वापरतात. त्याच्या अवस्था विचारपूर्व, विचार, तयारी, कृती व सातत्य अशा असून ६ महिन्यांहून अधिक टिकलेली सवय सातत्यात मोडते. अवस्था व्यक्तीच्याच उत्तरावरून ठरत असल्याने ती हालचालीच्या मापनाशी ताडून पाहणे आवश्यक असते.