भाजलेला खवा

परवा पुण्याहून नातीचा फोन. "आजी, पेढ्याच्या खोक्यावरची तारीख कालच संपलीय. पण वास चांगला येतोय. गरम करून खाऊ का?" मी इतक्या जोरात "नको" म्हटलं की पोरगी दचकलीच. मग वाटलं, ही गोष्ट एकदा लिहूनच टाकावी. माझ्या भावंडांनाही ती मी कधी पूर्ण सांगितलेली नाही.

साल १९७९. एटापल्ली तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होती (गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला). मी नवीनच शिक्षिका. १५ ऑगस्टला मुलांना पेढे द्यायचं ठरलं. खवा चंद्रपूरहून एसटीने मागवला. पाऊस मी म्हणत होता. नाल्याला पूर आला, गाडी अडकली, आणि १३ तारखेला निघालेला डबा पोचला १४ च्या संध्याकाळी. वासात काही फरक नव्हता. तरी शंका नको म्हणून मी खवा कढईत चांगला खरपूस भाजला. भाजलं की जंतू मरतात, हेच तर वर्गात शिकवत होते मी! मग साखर घातली, पेढे वळले आणि परातीत झाकून ठेवले.

सकाळी झेंडावंदन झालं, पेढे वाटले. दुपारपर्यंत वीसेक मुलं ओकत होती. दुसऱ्या दिवशी सगळी बरी झाली, हे नशीब. त्यात एक माडिया मुलगा होता. त्याने पेढा पहिल्यांदाच खाल्ला होता. त्याचा बाप शाळेत आला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, आमच्यात दूध वासराचं असते. पोराला नका देऊ." माडियांची ती जुनी रीत. गाय पाळायची, पण दूध काढायचं नाही. मुलगा शाळेत परत आला तो एकदम दिवाळीनंतर.

डॉक्टरांनी मला समजावलं, "बाई, जंतू मेले असतील हो. पण मरायच्या आधी त्यांनी जे विष केलं, ते भाजून जात नाही." मी खाली मान घालून ऐकलं. खरं कळलं ते निवृत्तीनंतर, वाचायला वेळ मिळाला तेव्हा.

या जंतूचं नाव स्टॅफिलोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घोसासारखा दिसतो, म्हणून ऑग्स्टन या स्कॉटिश सर्जनने १८८० च्या दशकात हे ग्रीक नाव दिलं. राहतो कुठे? आपल्याच नाकात, कातडीवर, गळवात. फिलिपाइन्समध्ये बार्बर नावाच्या संशोधकाने १९१४ साली एका गोठ्यातल्या दुधाबद्दल लिहिलं. ते दूध ताजं प्यायलं तर बाधत नसे, तेच काही तास बाहेर राहिलं की बाधे. प्रयोग त्याने स्वतःवरही केला! पुढे १९३० साली शिकागोत डॅक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्रीमच्या केकमधून हे जंतू काढले, आणि जंतू गाळून उरलेलं पाणीही माणसाला आजारी पाडतं हे दाखवलं. म्हणजे दोष विषाचा. ते अर्धा तास उकळलं तरी पुरतं जात नाही.

खव्याची गंमत अशी की आटवताना बाकीचे जंतू मरतात. नंतर कुणाचा हात लागला की या एकट्याला मैदान मोकळं. साखरेचंही त्याला फारसं वावडं नाही.

मग आमच्या आजीला हे कळत नव्हतं का? तिच्या भाषेत कळत होतं. दूध आलं की तापवायचं, उरलं की विरजायचं, लोणी साठलं की कढवायचं. दह्याला त्याचा आंबटपणा राखतो. तुपात पाणीच नसतं, तिथे जंतू वाढणार कसा? खवा मात्र घरी आटवला की त्याच दिवशी संपायचा. त्याला एसटीत बसवायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. १९४५ पासून आणंदचं दूध मुंबईला जाऊ लागलं, ते आधी पाश्चराइज करून. लांब जाणाऱ्या दुधाला वेगळे नियम लागतात. आम्ही खवा लांबून आणला, नियम मात्र आजीच्या चुलीपुढचेच ठेवले.

१ ऑक्टोबर २०२० पासून दुकानातल्या सुट्या मिठाईलाही 'केव्हापर्यंत खावी' ती तारीख लावायचा नियम आला. वाचून बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र अजून सुटत नाही. विष त्या डब्यातच होतं, की रात्रभर परातीत राहिलेल्या पेढ्यांत झालं? पेढे वळले होते ते माझ्या हातांनी. त्या दिवशी बोटाला काही जखम होती का, हे मी कितीदा तरी आठवून पाहिलंय. आठवत नाही.

नातीने पेढे टाकून दिले. मला मात्र अजून झेंडावंदनाचा पेढा घशाखाली उतरत नाही.

असो. तुमच्याकडे खवा किती दिवस ठेवत असत, जरूर कळवा.