लिमिट होल्डेम पोकर : हातात मधली जोडी, फ्लॉपनंतर काय करायचं?

तीन पत्ती खेळणाऱ्याला जोडी आली की हायसं वाटतं. होल्डेममध्ये मात्र हातातली दोन आणि टेबलावरची पाच अशा सात पानांतून डाव लागतो, म्हणून तिथे नुसत्या जोडीचं वजन कमी होतं. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी या मधल्या जोड्यांवर सर्वाधिक पैसे जातात ते याच गैरसमजातून.

लिमिट म्हणजे काय?
लिमिट प्रकारात बेटची रक्कम ठरलेली असते. १००-२०० च्या टेबलावर फ्लॉपपर्यंत (पहिली तीन पानं) बेट १०० ची, टर्न आणि रिव्हरला (चौथं, पाचवं पान) २०० ची. सगळे पैसे एकदम लावून समोरच्याला घाबरवता येत नाही. त्यामुळे हिशेब पक्का लागतो.

आधी आकडे
फ्लॉपवर आपल्या जोडीपेक्षा मोठं किमान एक पान येण्याची शक्यता : दश्शी ७० टक्के, नव्वी ७९, अठ्ठी ८७, सत्ती ९२. फ्लॉपवरच तिसरं पान जुळून सेट (तीन पत्तीतला ट्रेल) किंवा त्याहून मोठा डाव लागण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. तेव्हा लागला नाही, तर टर्नला लागण्याची शक्यता ४७ पानांत २, म्हणजे साधारण २२.५ ला १.

मोठं पान आलं, माणसं जास्त
हातात ८-८, फ्लॉप राजा-९-४. चौघांनी आधी प्रत्येकी २०० घातलेत, पॉट ८००. पहिल्याने १०० ची बेट केली, पॉट ९००. कॉलला ९ ला १ भाव मिळतो, सेटसाठी हवा २२.५ ला १. उरलेले १,३५० पुढच्या बेटमधून वसूल व्हायला हवेत, म्हणजे जवळपास सात मोठ्या बेट. त्या सहसा मिळत नाहीत. मागून कुणी रेझ केलं तर खर्च आणखी वाढतो. पानं टाकून द्यावीत. ‘एक पान बघू’ म्हणत दिलेले शंभर-शंभरच रात्रभरात मोठा खड्डा पाडतात.

समोर एकच माणूस
इथे गणित बदलतं. पॉट ४०० असेल आणि समोरचा शेवटपर्यंत बेट करत राहिला, तर १००, २००, २०० असे ५०० घालून ९०० जिंकायचे असतात. शंभरात ३६ पेक्षा जास्त वेळा आपली जोडी सरस ठरत असेल, तर कॉल परवडतो. वाटेल त्या पानांवर बेट करणाऱ्यासमोर टिकावं, क्वचितच बेट करणाऱ्याला सोडून द्यावं.

आपली जोडी सगळ्यात मोठी
हातात ९-९, फ्लॉप ८-५-२. इथे गप्प बसणं महागात पडतं. मागच्याकडे राजा-राणी असेल, तर त्याला उपयोगी पानं सहा, म्हणजे ६.८ ला १. पॉट ८०० असताना पहिल्याच्या १०० वर आपण नुसता कॉल केला, तर त्याला १० ला १ भाव मिळतो, त्याचा कॉल बरोबर ठरतो. आपण रेझ करून २०० केले, तर पॉट ११००, भाव ५.५ ला १. आता तो आला तर तोटा त्याचा.

सेट लागला तर
फ्लॉपवर एकाच रंगाची किंवा लागोपाठची पानं असतील, तर लगेच रेझ करावं. पानं विस्कळीत असतील आणि समोरचा बेट करतोय, तर टर्नपर्यंत थांबता येतं, कारण तिथे बेट दुप्पट होते.

कायदा
पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळवण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. गोव्यात मांडवीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोंना राज्य सरकारचा परवाना असतो. गणित कितीही पक्कं असलं तरी पानं कुणाच्या हातात नसतात. घरखर्चाचा पैसा टेबलावर नेऊ नये.