अंतर तेच, तास वेगळे

परदेशी राहणाऱ्या माणसाला आपण ‘किती किलोमीटर?’ असं कधी विचारत नाही. ‘किती तास लागतात?’ हाच पहिला प्रश्न. हे तास ठरवतं कोण? विमानाचा वेग, असं उत्तर कुणीही देईल. पण हेलसिंकी-टोकियो या हवाई मार्गाचा इतिहास वाचल्यापासून मला ते उत्तर अपुरं वाटतं.

घरी पृथ्वीगोल असेल तर या दोन शहरांवर दोरा ताणून धरा. तो सरळ सैबेरियावरून जातो. अंतर साधारण ७,८०० किमी. पण शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत युनियन पाश्चात्त्य कंपन्यांना त्या आकाशातून मोकळेपणी जाऊ देत नसे. म्हणून १९५७ साली एसएएस कंपनीने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाकडून, अलास्कातल्या अँकरेजला थांबून टोकियो गाठायला सुरुवात केली. सुमारे ३२ तास! आणि दक्षिणेकडून, भारतावरून जाणाऱ्या जुन्या मार्गापेक्षा हे कितीतरी कमी होते.

एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने कुठेही न थांबता हेलसिंकी-टोकियो उड्डाण सुरू केलं. डीसी-१० विमान, जादा इंधन, उत्तर ध्रुव ओलांडून बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून खाली. सुमारे १३ तास. एवढा वळसा कशाला, असं कुणी म्हणू नये. त्याच वर्षी १ सप्टेंबरला वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेलं कोरियाचं प्रवासी विमान लढाऊ विमानाने पाडलं. २६९ माणसं गेली.

पुढे काळ बदलला. सैबेरियाचं आकाश खुलं झालं (फुकट नाही, रशिया त्याचे पैसे घेई) आणि हाच प्रवास साडेनऊ तासांवर आला. आशियाला जायचा जवळचा रस्ता म्हणून हेलसिंकी विमानतळाची भरभराट झाली.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने युरोपच्या. मार्चमध्ये फिनएअरचं टोकियोचं विमान पुन्हा उत्तर ध्रुवावरून निघालं. जवळजवळ १३ हजार किमी, आणि वेळ? पुन्हा तेच १३ तास! ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्रही प्रवाशांना १९८३ सारखंच मिळालं म्हणे.

विमानं नवी, इंजिनं नवी, आणि घड्याळ मात्र चाळीस वर्षं मागे. आपल्यालाही हे नवं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांच्या वाट्याला असाच वळसा आला.

ज्यांचे आईवडील इकडे आणि ती स्वतः तिकडे, अशी कितीतरी माणसं हा ब्लॉग वाचतात. रात्री-अपरात्री फोन आला की कसं पोहोचायचं, याचं गणित त्यांच्या मनात कायम तयार असतं. त्या गणितातले दोन-चार तास कुठल्या तरी तिसऱ्याच देशाच्या हातात असतात, हे मात्र त्यात धरलेलं नसतं.