थांबलेली ॲम्ब्युलन्स मागच्या गाडीला आधीच कशी कळते?

ताशी 100 किमी वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 28 मीटर पुढे जाते. वळणापलीकडे ॲम्ब्युलन्स उभी असेल तर तिचे दिवे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

अमेरिकेत यावर आधी कायदा आला. 1994 मध्ये साउथ कॅरोलिनात अपघाताच्या जागी काम करणाऱ्या पॅरामेडिकला गाडीची धडक बसली, आणि 1996 मध्ये तिथे ‘मूव्ह ओव्हर’ कायदा झाला. दिवे लावून थांबलेली गाडी दिसली की तिच्या शेजारची लेन सोडायची, जमत नसेल तर वेग कमी करायचा. आता सगळ्या 50 राज्यांत असा कायदा आहे. पण मुळात गाडी वेळेत दिसायला हवी ना!

इथे शिकागोच्या हास अलर्ट कंपनीची सिस्टीम येते. ॲम्ब्युलन्स, फायर ट्रक किंवा टो ट्रकमध्ये छोटं डिव्हाइस बसवतात. वरचे दिवे लागले की ते मोबाइल नेटवर्कवरून लोकेशन सर्व्हरला पाठवतं. मग जवळ येणाऱ्यांना वेझ ॲपवर किंवा काही कारच्या स्क्रीनवर सूचना दिसते. वेगळं बटण दाबायची गरज नाही, आणि मला हेच सगळ्यात आवडलं. समोर जखमी माणूस असताना फोन कोण काढत बसणार?

अडचण मात्र मोठी आहे. ॲप बंद असेल किंवा रेंज नसेल तर फोनवर काहीच येत नाही. म्हणून तिथले फायरमन आजही आपला अवजड ट्रक लेनमध्ये तिरपा लावतात आणि त्याच्या आडोशाला काम करतात.