शत्रूच्या गावात फावडं घेऊन

तरुणांची सेवामंडळं हल्ली परदेशातल्या मित्रमंडळांकडे पाहुणी जातात. हारतुरे होतात, फोटो निघतात. मला मात्र अशा वेळी फ्रान्समधल्या व्हर्दनजवळचं एन हे खेडं आठवतं. १९१६ च्या लढाईत ते पार जमीनदोस्त झालं होतं. १९२० च्या नोव्हेंबरात पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर मूठभर स्वयंसेवक घेऊन तिथं पोचला. त्यांत चक्क जर्मनही होते! मलबा उपसायचा, तोफगोळ्यांचे खड्डे बुजवायचे, बेघरांसाठी निवारे उभारायचे, असं ते काम. पण जर्मनांबद्दलचा रोष काही शमेना. १९२१ च्या वसंतात शिबिर आटोपतं घ्यावं लागलं. रोष धरणाऱ्यांना मी दोष देणार नाही. युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती.

सेरेसोलनं मात्र फावडं खाली ठेवलं नाही. त्याच्या प्रयत्नांतूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात भूकंप झाला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ हिंदुस्थानात आला. मदतकार्याची धुरा राजेंद्रप्रसादांकडे होती. मुझफ्फरपूर जिल्ह्यात, पुरात बुडणाऱ्या वस्त्या उंचावर नव्यानं वसवण्याच्या कामात तो मोजक्या युरोपीय सोबत्यांसह गावकऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून राबला.